अकरा एकांची सोयरीक

१ सप्टेंबर १९५७, रविवार. पिपरटोला

आज माझे लग्न ठरता ठरता मोडत होते. ते मी एका आकड्याच्या जोरावर वाचवले. तो आकडा मी नीट तपासलेला नाही, ही गोष्ट या वहीशिवाय कोणाला कळता कामा नये.

दुलीचंद पटले यांच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, आम्ही बसलो होतो. एका बाजूला मी आणि माझी आत्या देवकाबाई. येथे मास्तरकी लागल्यापासून मी आत्याकडेच राहतो, आणि माझ्या लग्नाची घाई माझ्यापेक्षा तिला जास्त आहे. दुसऱ्या बाजूला दुलीचंदजी आणि गोंदियाहून आणलेले महाराज. मुलगी, म्हणजे जमुना, आत होती. दाराआड बांगड्या वाजत होत्या, त्यावरून ती फार आत नसावी.

महाराजांनी दोन्ही पत्रिका मांडल्या, बोटे मोजली आणि मान हलवली. "गुण सोलह ही मिलते हैं. अठारह तो होने चाहिए. जोड़ी टूटने का योग है." दुलीचंदजींचा चेहरा उतरला. हा माणूस धानाच्या बांधीत नांगर घालायचा तरी मुहूर्त विचारतो, सोळा गुणांवर पोरगी कशी देणार? बांगड्या वाजायच्या थांबल्या. आत्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू पत्रिका मीच तयार केली होती.

उपाय काय, असे विचारल्यावर महाराज म्हणाले की जी वस्तू कधी तुटत नाही ती दोघांच्या नावाने ठेवावी. हिरा असला तर उत्तम. दुलीचंदजींच्या घरी धान आहे, लाखोळी आहे, चार बैल आहेत, हिरा नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "महाराज, न तुटणारी संख्या चालेल का?"

मग मी समजावून सांगितले. बाराचे तीन-चार असे भाग पडतात, पंधराचे पडतात. पण तेराला एक आणि तेरा सोडून कशानेही भागा, काहीतरी उरतेच. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात, तिला कोणी कापू शकत नाही. दुलीचंदजी म्हणाले, तेरा नको, अशुभ आहे. एखादी मोठी, शोभेशी सांगा. मी पाटीवर अकरा वेळा एक लिहिला. ११,११,११,११,१११. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. दुलीचंदजींनी तो आकडा पाहिला आणि हात जोडले.

खरे सांगायचे तर हा आकडा मूळ आहे असे मला नुसते वाटते. कॉलेजात असताना तो इतका देखणा दिसायचा की तो तुटेल अशी शंकाच कधी आली नाही. महाराजांना मात्र आतून वड्यांचा वास येत होता. ते म्हणाले, चलेगा, पर दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत कोणी तोडला नाही पाहिजे. तुटला तर सोयरीकही तुटली समजा. दुलीचंदजींनी कबूल केले आणि आम्ही वडे खाल्ले.

४ सप्टेंबर

हिशेब करून पाहिला आणि घाम फुटला. आकडा खरोखर अतूट आहे हे ठरवायला त्याला एक लाख पाच हजारांपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागेल. त्यापुढे जायची गरज नाही, पण तोवरच दहा हजार भागाकार होतात. मंडई पावणेदोन महिन्यांवर आहे. शाळा आहे, नवे पैसे शिकवायचे आहेत, परवा तपासणीला साहेब येणार आहेत. आणि आत्या कंदिलात रॉकेल घालू देत नाही.

म्हणून मनाशी असे ठरवले आहे की वीस हजारांपर्यंत जायचे. तोवर तुटला नाही तर पुढेही तुटणार नाही असे मानायचे. गणितात असे मानता येत नाही, हे मीच सातवीला शिकवतो. पण सातवीतल्या कोणाचे लग्न अडलेले नाही.

आत्या सांगत होती की जमुनाने तिला विहिरीवर विचारले, मास्तर जेवले का. मुलीला भागाकारांची एवढी काळजी आहे हे ऐकून बरे वाटले. उपाशी माणसाच्या हातून चुका होतात हे तिच्या लक्षात आले असणार.

८ सप्टेंबर, रविवार

आज मरता मरता वाचलो. दोनशे एकाहत्तरने भाग घातला आणि बाकी शून्य आली. पुन्हा केला, पुन्हा शून्य. दुपारी पानावरून तसाच उठलो. आत्याने कपाळाला हात लावून पाहिला. मी म्हटले, ताप नाही, दोनशे एकाहत्तर आहे. तिने तोंडाला पदर लावला आणि शेजारी जाऊन काहीतरी सांगून आली.

संध्याकाळी सहज आकड्यातले एक मोजले तर दहाच निघाले. एक लिहायचा राहून गेला होता. अकरावा एक लिहिला आणि बाकी एक उरली. आता प्रत्येक भागाकाराआधी एक मोजूनच घेतो. हे एक एकमेकांसारखे इतके दिसतात की कोणता मोजला, कोणता नाही, हे कळतच नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

गोंदियाहून छोटेलाल सायकलवर आला होता. राइस मिलमध्ये मुनीम आहे, पोशाख चांगला करतो, आणि जमुनासाठी त्याच्या घरूनही बोलणे आले होते. त्याचे गुण अठ्ठावीस जुळतात, हे आत्याने मला दोनदा सांगून झाले आहे.

सपरीत बसल्या बसल्या तो म्हणाला, "इसमें क्या है मास्तर, सगळे एकच एक आहेत. अकराने सरळ कटते." दुलीचंदजी पांढरे पडले. त्यांच्या हातातली विडी विझली ती विझलीच. मी शांतपणे त्यांच्या बंडलातल्या अकरा विड्या काढल्या आणि खाटेवर ओळीने मांडल्या. अकरा म्हणजे शेजारशेजारचे दोन एक. अकराने भागायचे म्हणजे दोन दोन विड्या उचलायच्या. पाच जोड्या उचलल्या. एक विडी उरली.

दुलीचंदजींनी ती उरलेली विडी उचलली, दोन्ही डोळ्यांना लावली आणि म्हणाले, "पाच जोड्या गेल्या, हा एकटा उरला. थो कोनाच्या बापाले तुटत नाई." ती विडी त्यांनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

छोटेलालने मग सदतीस काढले. सदतीस त्रिक एकशे अकरा, म्हणून तीन तीन एक उचलता येतात. देव्हाऱ्यात गेलेल्या विडीच्या जागी मी बंडलातली दुसरी मांडली. उचलले. तीनदा उचलून दोन विड्या उरल्या. जाताना त्याने मला फाटकाशी गाठून हळूच विचारले की सदतीसने नक्की जात नाही ना, आणि नाही म्हटल्यावर त्याने मोठा श्वास सोडला. माझी सोयरीक मोडायला त्याच्या आईने त्याला पाठवले होते, असेही म्हणाला. गोंदियाच्या लोकांचे बोलणे आतल्या गाठीचे असते. मी त्याच्यापासून सावध आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

गणिताची एवढी कदर असलेला शेतकरी मी दुसरा पाहिला नाही. दुलीचंदजी रोज शाळेच्या फाटकापर्यंत येतात, किती झाले विचारतात आणि आकडा ऐकून माघारी जातात. काल बोदलकशाहून मासे विकायला आलेल्या माणसाच्या कानामागे पेन्सिल दिसली, तर त्याला गावाबाहेरूनच परत पाठवले. तलाठ्याने कोणाचा सारा मोजायला कागद काढला तेव्हा हे पाठीशी उभे राहून पाहत होते. परवा मला म्हणाले की महाराजांना मंडईची मुदत जरा अलीकडची घेता येईल का, पोळा झालाच आहे, दसऱ्यालाच संपवून टाकू. मी म्हटले, गणितात घाई चालत नाही. ते खिन्न होऊन गेले.

जमुनाच्या घरून आज लाखोळीच्या डाळीचे वडे आले. मागच्या रविवारीही आले होते. भागाकाराच्या वेळीच नेमके येतात आणि हात तेलकट होतो, एवढी एक अडचण आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

अकरा हजारांच्या पुढे गेलो. एका भागाकाराला आता मिनिटभरच लागते. शाळेत मुलांना गणिते घालून मी माझी करतो. मुले खूष आहेत, कारण मी त्यांची तपासत नाही.

आत्याने मात्र गावभर केले आहे की मला बाहेरची बाधा झाली. मी झोपेत "सतराशे चार उरले, नऊशे उरले" असे बरळतो म्हणे. तिने एक लिंबू उतरवून टाकले. ते लिंबू माझ्या मूळ संख्यांच्या यादीवरून उतरवले, त्यामुळे चौदा हजारांच्या आसपासची शाई पसरली आणि ते पान पुन्हा करावे लागले.

जमुना आज बोडीच्या तळ्यावरून धुणे घेऊन जाताना दिसली. आमच्या घरासमोर थांबून तिने एक लुगडे दोनदा पिळले. वाटेत कोणी लुगडे पिळत नाही. बोडीचे पाणी फार उतरले असावे.

१६ ऑक्टोबर

झाले. १९,९९७ ने भागून पाहिले, बाकी उरली. वीस हजारांच्या आत आता एकही मूळ संख्या शिल्लक नाही. शाळा सुटल्यावर दुलीचंदजींना सांगितले तेव्हा ते फाटकाशीच धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले. मग घरी नेऊन मला दूध दिले. मंडईच्या दिवशी हा आकडा कापडावर रंगवून मंडपावर लावायचा असे त्यांनी ठरवले आहे. रंगवायला गावचा शालीकराम पेंटर आहे. बैलांची शिंगे तोच रंगवतो.

आता मला फक्त गप्प बसायचे आहे. माणसाला इतकेही जमू नये असे काही नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

जमले नाही.

दिवाळीची सुटी लागली. आत्या सारवण करत होती, मला बाहेर काढले होते. हात रिकामे होते. गेला दीड महिना या हातांना भागाकाराशिवाय दुसरे काही ठाऊक नाही. म्हटले वीस हजारांपुढचे चार करून पाहू, नुसते. चाराचे चाळीस झाले, मग शंभर झाले. कोणी सांगितले नव्हते, गरज नव्हती, कोणी विचारणार नव्हते. दुपारी २१,६४९ ने भाग घातला आणि बाकी शून्य आली.

एक मोजले. अकरा होते. दुसऱ्या कागदावर केले. शून्य. उलटा गुणाकार करून पाहिला. २१,६४९ गुणिले ५,१३,२३९. ओळीने एक उमटत गेले, उजवीकडून डावीकडे, एकामागून एक, अकरा. एक क्षण मला फार आनंद झाला, हे लपवत नाही. इतका सुंदर गुणाकार मी आयुष्यात पाहिला नव्हता. मग त्याचा अर्थ लक्षात आला आणि मी गोठ्यात जाऊन रडलो. आत्याचा रेडा माझ्याकडे पाहत होता.

जमुनाशी मी आजवर एक शब्द बोललेलो नाही. पण आज कळले की मला ती पाहिजे आहे. आकडा राहो की जाओ, ती पाहिजे. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो.

२५ ऑक्टोबर

सांगायला गेलो होतो. खरेच गेलो होतो. दुलीचंदजी अंगणात शालीकरामला कापड दाखवत होते. मी म्हटले, एक गोष्ट सांगायची आहे, आकड्याविषयी. ते म्हणाले, आता आकड्याविषयी काही सांगायचे नाही, आकडा आता आमचा आहे, तुम्ही तुमचे काम केले. मी तरी तोंड उघडले. तेवढ्यात आतून जमुनाने चहा पाठवला. चहा पिऊन परत आलो.

लपवले तर मी मास्तर कसला? सांगितले तर छोटेलालचे अठ्ठावीस गुण तयारच आहेत. आज जेवण गेले नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार. मंडई

सगळे क्रमाने लिहितो.

दुपारपासून आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या आल्या होत्या. बांगड्यांची दुकाने, जिलेबीच्या कढया, एका बाजूला दंडारीचे कलावंत तोंडाला रंग लावत बसलेले. मंडपाच्या तोंडावर दुलीचंदजींचे कापड लावले होते. लाल रंगात, हातभर उंचीचे एक. खाली लिहिले होते, "हा आकडा तुटत नाही". दुलीचंदजी नवा फेटा बांधून कापडाखाली उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवत होते. महाराज खुर्चीवर होते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. वर पाहायची माझी हिंमत नव्हती.

महाराजांनी उभे राहून विचारले, कोई है जो इस अंक को तोड़े? लोक हसले. छोटेलाल पुढच्या रांगेत शेव खात होता. त्याने वर पाहिले. मुनीमच तो, आकडा दिसला की आधी बेरीज करतो. ओठ हलवत त्याने एक मोजले आणि सहज बोलून गेला, "बारह हुए. तीनने जाते." आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. पण मंडप शांत होता आणि सगळ्यांनी ऐकले होते.

मी वर पाहिले. मोजले. बारा एक होते. दोन दोनच्या सहा जोड्या सरळ उचलता येत होत्या. अकराने जात होता, तीनने जात होता, सातने जात होता, कशानेही जात होता. असा ठिसूळ आकडा मंडपावर टांगायचा म्हणजे कमालच होती.

गलका झाला. दुलीचंदजी माझा हात धरून मंडपामागे, भाताच्या तणसाच्या ढिगाकडे घेऊन गेले.

"मास्तर, थो बारावा एक म्या टाकाले लावला. शालीकरामानं बराबर अकरा काढले होते. पन मानूस अहेरात शंभर देत नाई, एकशे एक देते. पन्नास देत नाई, एक्कावन देते. एवढा मोठा आकडा, अन् त्याच्यावर वरचा एक नाई, मले बरं नाई वाटलं." ते रडू लागले. "शकुनासाठी टाकला अन् म्याच पोरीचं लग्न तोडलं."

मला बोलता आले असते. मला फक्त एवढेच म्हणायचे होते की दुलीचंदजी, तुम्ही काही तोडले नाही, तो आधीपासूनच तुटका आहे. मी म्हटले, "रडू नका. माझा आकडा अकरा एकांचा होता." हे वाक्य शंभर टक्के खरे आहे. ते मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे आणि प्रत्येक वेळी ते खरेच निघते.

त्यांनी डोळे पुसले, शिडी मागवली, स्वतः चढून शेवटच्या एकावर चुना फासला आणि वरूनच ओरडून सांगितले की चूक माझी होती, मास्तरांचा आकडा हा आहे, आता कोणी तोडून दाखवा. छोटेलालने पुन्हा मोजले आणि दोन्ही हात वर केले. तो हसत होता. महाराज म्हणाले, मंडई हो गयी, शर्त पूरी. माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. तो मला सुळासारखा टोचला. सगळे मास्तर मास्तर करत होते आणि मी कापडाकडे पाठ करून उभा होतो.

३० ऑक्टोबर

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढच्या पंधरवड्यात आहे. आज जमुना अनारसे घेऊन आली. तिला पाहताच आत्याला आठवले की गाय सोडायची आहे. गाय सकाळीच गुराख्याबरोबर गेली होती. आत्याचे वय झाले, विसरते.

आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर होतो. ती खांबाला टेकून उभी, मी उगीचच एक कागद दुमडत. मग मी सांगून टाकले. तुमच्या वडिलांना सांगायची माझी छाती झाली नाही, पण तुम्हाला फसवून लग्न करणार नाही. अकरा एकांचा आकडा तुटतो. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने तुटतो. मंडईच्या आठवडाभर आधीपासून मला ठाऊक आहे.

मला वाटले आता अनारसे उचलून परत जाईल.

"कितीक तुकडे झाले?" तिने विचारले.

मी म्हटले, दोन. एक सांगितला तो, दुसरा पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस.

"अन् थे दोन तुटते का?"

पहिला तुटत नाही, तो माझ्या यादीतला आहे. दुसरा अजून तपासला नाही.

"मंग दोघंच त आहेत," ती म्हणाली. "लग्नात आनखी कितीक लोक लागते?"

मी वडिलांविषयी विचारले. आज ना उद्या त्यांना सांगावेच लागेल, मी असा राहू शकणार नाही. ती म्हणाली, "तुमी काऊन सांगता? तुमी सांगाल त तुटला म्हनाल. मी सांगीन." मग तिने ते दोन आकडे पुन्हा विचारले, बोटांवर घोकले आणि गेली. अनारसे ठेवून गेली. अकरा होते. मोजायची आता सवयच लागली आहे.

२६ एप्रिल १९५८

लग्न होऊन आठवडा झाला. इतके दिवस लिहायला सवड नव्हती आणि गरजही वाटली नाही. आज लिहावेसे घडले.

लग्नात दुलीचंदजींनी जी भांडी दिली त्यांवर रीतीप्रमाणे नावे कोरून आणली आहेत. हंड्यावर त्यांचे नाव, परातीवर सासूबाईंचे. पितळेचे दोन लोटे मात्र जमुनाने स्वतः सांगून करवून घेतले. आज ते पोत्यातून निघाले. एकावर २१६४९, दुसऱ्यावर ५१३२३९. माझ्या हातातून लोटा पडला.

ती म्हणाली की कोरताना वडिलांनी विचारले होते, हे काय आहे. तिने सांगितले, एक मी आणि एक मास्तर, दोघांचा गुणाकार करून पाहा. त्या दिवसापासून ते गुणाकार करत आहेत.

२९ एप्रिल

आज भर उन्हात दुलीचंदजी धावत आले. त्यांनी सपरीच्या भिंतीवर कोळशाने गुणाकार केला होता. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जमला. हात कोपरापर्यंत काळे होते, कपाळही काळे होते. माझ्या मनात आले, संपले. त्यांना कळले. आता हा माणूस मला विचारेल की मंडईत हार घालून घेताना लाज कशी वाटली नाही.

"जवाईबापू," ते म्हणाले, "पोरीचा आकडा अन् तुमचा आकडा एकात एक घातला, त आपला आकडा आला. अकराच्या अकरा एक. म्या मोजले." त्यांना दम लागला होता. "लोकं म्हनत होते, तुटन का, तुटन का. अरे, थो तुटाले झालाच नाई. थो जोडल्यानं झाला आहे."

मी तोंड उघडले. गुणाकार आणि भागाकार ही एकच गोष्ट दोन बाजूंनी पाहिली जाते, हे मी सहा वर्षे शिकवतो आहे. ते सांगणे माझे कर्तव्य होते. जमुनाने त्यांच्या हातात पाण्याचा लोटा दिला आणि माझ्याकडे पाहिले. मी तोंड मिटले.

ते पाणी पिऊन लगेच निघाले. आता महाराजांना सांगायला गोंदियाला जाणार आहेत, वाटेत छोटेलालच्या मिलमध्येही थांबणार आहेत. छोटेलालला मी ओळखले नव्हते. त्याचे लग्न फुलचूरच्या एका मुलीशी ठरले आहे, त्याच्याच पसंतीच्या, आणि त्याने आम्हाला पितळेची समई पाठवली आहे.

४ मे, रविवार

एक गोष्ट मला चैन पडू देत नव्हती. लोट्यावर कोरलेला दुसरा आकडा, ५१३२३९, मी तपासलेलाच नव्हता. पितळेवर कोरून झाला, सासऱ्यांनी गावभर सांगून झाला, आणि उद्या तोही तुटला तर? सातशे सोळापर्यंतच जायचे होते, दुपारभराचे काम. जेवणाआधी बसलो. जमुना चौथी शिकली आहे, मूळ संख्यांची यादी वाचायला ती बसली. ती आकडा वाची, मी भाग घाली, उरले की ती खूण करी. वड्यांचे पीठ भिजवून ठेवले होते, ते तसेच राहिले.

पाचशेच्या पुढे गेल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली. वीस हजार ओलांडल्यावर काय झाले होते ते आठवले. मी तिला म्हटले, हा तुटला तर काय करायचे, ते आधी ठरवू.

तिने यादी मिटली नाही, वर पाहिलेही नाही. "तुटला त तुटला," ती म्हणाली. "लोटा त फुटत नाई ना."

तिने पुढचा आकडा वाचला. सहाशे तेराने भागले, एकशे अठ्ठावन्न उरले. यादीत अजून बरेच बाकी होते. पुढचे भागले नाहीत. तिला भूक लागली होती आणि मलाही.